फ्रिजला परका हात चालत नाही

विजेचा शॉक मला लागत नाही, माझा शॉक विजेला लागतो, असं मी किन्हीराजाच्या बसथांब्यावर निदान हजारदा सांगितलं असेल. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते खरं मानलं. उरलेल्यांना मी उघड्या तारेला उलट्या बोटानं टिचकी मारून दाखवत असे. पायात जाड रबरी तळाची चप्पल आहे, हे कोणी बघत नसे. लोक नेहमी हाताकडेच बघतात. माझ्या हाताकडे तर जरा जास्तच बघत. ते पुढं येईल.

दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला, की तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा, वाचकांना हसू द्या. लिहितो. हसायचं तिथं हसून घ्या, कारण शेवटपर्यंत पुरेल इतकं हसू माझ्याकडे शिल्लक नाही.

मी खासगी वायरमन. खांबापर्यंतची वीज सरकारची, मीटरच्या पुढची माझी. अकोल्याला शिकलो, परवाना काढला आणि सत्तर सालानंतर गावी येऊन खांद्याला पिशवी अडकवली. पिशवीत पकड, दोन पेचकस, टेस्टर, चिकटपट्टी आणि टेस्ट लँप, म्हणजे होल्डरला दोन लांब वायरी जोडलेला साधा बल्ब. एवढ्या भांडवलावर वाशिमजवळच्या मालेगावपासून रिसोडपर्यंतच्या पट्ट्याचा मी धन्वंतरी होतो. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं, आणि खेड्यातली वीज नुकतीच रांगायला लागली होती. इतकी अशक्त वीज, की बल्ब लागलाय का हे बघायला काडी ओढावी लागे. एका घरी तर मी डोळ्यांनी पाहिलं, पंखा इतका हळू फिरे की त्याच्या पात्यावर चिमणीनं घरटं केलं, अंडी घातली, पिल्लं मोठी होऊन उडून गेली, तरी पंख्याचा एक फेरा पुरा व्हायचाच होता.

फ्यूज म्हणजे काय, ते आताच्या पोरांना सांगावं लागतं. आता भिंतीवर खटका असतो, तो पडतो, बोटानं वर केला की झालं. तेव्हा मीटरशेजारी चिनीमातीची पांढरी डबी असे आणि तिच्यात केसाएवढी बारीक तार. घरात कुठं विजेनं वाट सोडली, भलतीकडे पळाली, की ही तार आधी जळून तुटायची आणि घर वाचायचं. म्हणजे घरातला सगळ्यात स्वस्त गडी आधी मरतो, म्हणून मालक जगतो. ही रीत आमच्या भागाला नवीन नव्हती, त्यामुळे फ्यूज लोकांना चटकन समजला.

सगळ्यांनाच समजला असं नाही. शिरपूरला एका गृहस्थानं सारखी सारखी तार जळते म्हणून चिडून बायकोच्या अंबाड्याचा आकडा त्या डबीत बसवला. पुढं एक दिवस सगळं वायरिंग, छताचा एक वासा आणि दारावरचं तोरण जळालं. मी गेलो तर हा मला कौतुकानं डबी दाखवतो. "पाह्य वायरमन, घर जळालं, पण आकड्याले काई झालं का? याले म्हन्तात माल."

फ्यूजचा जोडीदार म्हणजे अर्थिंग. यंत्राच्या लोखंडी अंगात वीज उतरली, तर तिला जायला जमिनीची वाट करून द्यायची. परसात खड्डा खणायचा, पत्रा पुरायचा, भोवती कोळसा आणि मीठ भरायचं, आणि उन्हाळाभर वरून पाणी घालत राहायचं. आमची काळी जमीन वैशाखात अशी भेगाळते, की एकदा माझा पेचकस एका भेगेत पडला तो पुढच्या वर्षी शेजारच्या गावच्या विहिरीत सापडला. अर्थिंग चांगलं असलं की वीज माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जाते आणि जाता जाता फ्यूज उडवते. माणूस जगतो. जिथं अर्थिंग नसतं तिथं फ्यूज जगतो.

आता फ्रिज.

रिठदच्या पलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथं अजून सगळ्यांची नातवंडं नांदताहेत. तिथल्या मोठ्या जमीनदाराला सगळे नानासाहेब म्हणत. त्यांच्या मुलाचं लग्न वैशाखात अकोल्याच्या मुलीशी झालं. मुलीचं नाव वत्सला, बापाचं अकोल्यात कापडाचं दुकान. बापानं मुलीबरोबर फ्रिज पाठवला. पंचक्रोशीतला पहिला फ्रिज. गवतात गुंडाळून, बैलगाडीत उभा बांधून तो गावात आला तेव्हा शाळा सुटली, कीर्तन थांबलं, आणि एक म्हातारा मरत होता तोही जरा थांबला, असं सांगतात. नवरी मागच्या गाडीत होती. तिच्याकडे कोणी बघितलं नाही.

फ्रिजला जाड वायरीचा, तीन छिद्रांचा वेगळा प्लग लागतो. तो बसवायला मला बोलावणं आलं. ओसरीवर नानासाहेब बसले होते. आमच्याकडे मीटर आधी माणसाला लावतात.

"कोठचा रे तू?"

"किन्हीराजाचा."

"कोणाचा?"

बापाचं नाव सांगितलं.

"आडनाव?"

आडनाव सांगितलं. नानासाहेबांच्या चेहऱ्यावरचा काटा जागेवर येऊन थांबला. आम्ही बौद्ध. माझ्या बापानं दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव ओढ्यात सोडले आणि मला शाळेत सोडलं, एकाच आठवड्यात.

"बरं, कर काम," नानासाहेब म्हणाले. "आता काई तसं राह्यलं नाई."

हे वाक्य मला ज्यानं ज्यानं ऐकवलं, त्याच्याकडे ते तसंच राहिलेलं होतं, हा माझा सगळ्या धंद्यातला पक्का अनुभव आहे.

काम मात्र असं केलं, की मुंबईच्या कारखान्यात फोटो लावावा. स्वयंपाकघराच्या बाजूच्या खोलीत प्लग बसवला. परसात अर्थिंगचा खड्डा स्वतः खणला, तिथून वायर भिंतीतून आत आणली. मग फ्रिजला पाठ लावून तो जागेवर सरकवला आणि बटण दाबलं. घूं करून आवाज आला. दार उघडलं तर आत दिवा. सगळं घर मागं सरकलं. नानासाहेबांची बायको, म्हणजे मोठ्या बाई, लांब पाटावर बसल्या होत्या. त्यांच्या मागं नवी सून उभी.

"दार लावलं की दिवा इझते," सून हळूच म्हणाली.

"आतमधी जाऊन कोणं पाह्यलं?" मोठ्या बाई म्हणाल्या.



मी गेलो, आणि दुसऱ्याच दिवशी नानासाहेबांचा गडी सायकलवर निरोप घेऊन आला. फ्रिज लावला की सगळ्या घराची लाइट जाते. माझ्या हातात दुसरी कामं होती, जायला दोन दिवस लागले.

विजेचा बिघाड शोधायची एक रीत असते. सगळं बंद करायचं, मग एकेक वस्तू चालू करायची, आणि कोणाच्या वेळी फ्यूज उडतो ते बघायचं. चोरीनंतर पाटील संशयितांना ओळीनं उभं करतो, तसं. मी घरातला एकेक बल्ब, एकुलता एक पंखा, नानासाहेबांचा रेडिओ, सगळ्यांची साक्ष काढली. सगळे निर्दोष. मग फ्रिज भिंतीपासून ओढला. फ्रिजच्या मागं खाली एक काळं लोखंडी मडकं असतं, कॉम्प्रेसर. तोच त्याचा जीव. मडक्याच्या कडेला लहानशी डबी, तिच्यात वायरींची टोकं. ती उघडून बघितली. कोरडी ठाक. टेस्ट लँप लावून बघितला, मडक्याला हात लावून बघितला, पाठीच्या जाळीवरून हात फिरवला, सगळीकडे चाचपलं. नवी तार घालून बटण दाबलं. फ्रिज घूं करून सुरू झाला आणि मी बसलो तोवर चालतच राहिला. चहा आला. कोणत्या कपातून, ते विचारू नका.

मी निघताना सून दाराआडून बोलली. तिनं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

"भाऊ, खराब नाई ना तो?"

"नाई बाई. एकदम चांगला हाय."

"मंग त्याइले सांगा ना तसं."

त्याइले म्हणजे सासऱ्याला. मी ओसरीवर जाऊन सांगितलं. नानासाहेब म्हणाले, "पाहू."

दुसऱ्या दिवशी पुन्हा फ्यूज उडाला. दोन दिवसांनी गेलो तर पुन्हा सगळं कोरडं, आणि मी निघून गेल्यावर पुन्हा तेच. म्हणजे मी असलो की चालतो, मी गेलो की उडतो. गावात दोन मतं पडली. एक, वायरमन काहीतरी करून ठेवतो, म्हणजे पुन्हा बोलावणं यावं. दुसरं, सून पांढऱ्या पायाची. पहिल्या मताला मी उत्तर देऊ शकत होतो. दुसऱ्या मताला सून देऊ शकत नव्हती.

नानासाहेबांनी निकाल गड्याकडून माझ्यापर्यंत पोचवला. आमच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात नवी सून माहेरी जाते आणि महिनाभरानं तिला वापस आणतात. नानासाहेब म्हणाले होते, "आखाडाले पोट्टी जाईन, तवा हे डबडंही गाडीत घाला. चांगलं आलं तं तिले आणू. नाई तं दोघंही राहू द्या तिकडंच." आणि नवरा? नवरा होता. घरात काही बोलणं निघालं की त्याला गोठ्यात काम निघायचं. इतकं गोठ्यात काम असलेला माणूस मी दुसरा बघितला नाही, आणि बैल मात्र त्याला ओळखत नव्हते.

आखाड पंधरवड्यावर आला होता. तिसऱ्यांदा फ्यूज उडाल्याचं बोलावणं आलं त्या दिवशी मी रिठदलाच एका चक्कीचं काम करत होतो. निरोप मिळाला तसा तासाभरात पोचलो. या तासाभरानंच सगळं उलगडलं. फ्रिज ओढला, मागची डबी उघडली, तर आत ओलं. बोटाला पाणी लागलं. वास घेतला तर गोमूत्राचा. आणि वायरींच्या दोन टोकांच्या मधोमध, अंगाला चिकटून, तुळशीचं एक पान.

मी पान चिमटीत धरून उजेडात बघितलं. दारात सून उभी होती. तिनं पानाकडे बघितलं, मग जमिनीकडे.

 सगळं पुसलं, फुंकून फुंकून वाळवलं, फ्यूज घातला, फ्रिज सुरू केला, रामराम केला आणि पकड मुद्दाम फ्रिजवर विसरलो. गावच्या लिंबाखाली एक बिडी ओढली आणि परसाच्या बाजूनं परत आलो. मागचं दार उघडं होतं.

मोठ्या बाई पाटावर बसल्या होत्या. फ्रिजचं बटण बंद केलेलं होतं आणि सुनेच्या हातात तांब्या होता. खाली बादली, बादलीत तुळशीची पानं.

"मांगून टाक," मोठ्या बाई सांगत होत्या. "मांगंच लई हात लावला त्यानं. त्या काळ्या मडक्यावर टाक."

"आत्याबाई, तथी वायरा हायेत."

"मंग? वायरीले सोवळं नसते का?"

तांब्या रिकामा झाला. मला तेव्हा कळलं, की मी जितकं जास्त तपासत होतो, तितकं जास्त पाणी पडत होतं. नेमकं जिथं पडू नये, तिथंच, कारण नेमकं तिथंच मी हात लावत होतो. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं की ओलीनं फ्यूज उडायचा, आणि दोन दिवसांनी मी यायचो तोवर उकाड्यानं सगळं वाळून जायचं. बिघाड सापडणार कुठून?

"बाई," मी दारातून म्हणालो, "पकड राह्यली माही."

सुनेच्या हातातला तांब्या पडला. मोठ्या बाई दचकल्या नाहीत. माझ्या आयुष्यात मी जितकी माणसं पाहिली, त्यात इतका कमी दचकणारा माणूस नाही.

"घे," त्या म्हणाल्या. "कडंकडंनं ये."

"बाई, या पाण्यानं फ्यूज उडते. माह्या हातानं नाई उडत."

"मी कवा म्हन्लं, तुह्या हातानं उडते?" त्या अगदी शांतपणे समजावून सांगू लागल्या, जसं मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो. "तू हात लावतं, म्हनून धुवा लागते. धुतलं, म्हनून उडते. देवाचं दूध ठेवाचं हाय त्यात. मंग तू कायले हात लावतं?"

 एकेक वस्तू बाजूला काढून बिघाड शोधायची माझी रीत त्या बाईनं माझ्यापेक्षा चोख वापरली होती. मी बल्ब, पंखा, रेडिओ, सगळे तपासले, एक संशयित तेवढा राहिला होता. ओळीत मी स्वतःला उभं केलं नव्हतं. फॉल्ट मी होतो.

तेवढ्यात नानासाहेब आत आले. "काय रे, सापडलं का काई?"

"पाणी जाते, नानासाहेब. मशीनमधी पाणी जाते मांगून."

"पाणी कोण टाकते?"

 मग मोठ्या बाई म्हणाल्या, "सून टाकते."

खोटं नव्हतं. तांब्या अजून तिच्या पायाशी लोळत होता.

"काहून वं?" नानासाहेब सुनेकडे वळले. "बापाचा माल बापाच्याच घरी न्यायचा हाय का?"

तिनं वर बघितलं, तर माझ्याकडे. सासूनं टाकायला लावलं, एवढं वाक्य बोलणं तिला शक्य नव्हतं. ते मीच बोलायचं होतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

"माहा हात लागला म्हनून धुतात, नानासाहेब," मी म्हणालो.

नानासाहेबांनी आधी मागचं दार लावून घेतलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "हे पाह्य. आमच्या घरी असं काई चालत नाई. कायदा हाय आता. तू आत आला, तुले कोणं अडोलं? चहा पेला का नाई?"

"पेलो."

"मंग? बाहेर असं बोलत नको जाऊ."

"मी नाई बोलत बाहेर. पण पाणी टाकनं बंद करा, म्हंजे झालं."

"अरे, तेच तं म्हन्तो. धूत कोनीच नाई आमच्याकडं. म्हंजे पाणी कोनी टाकत नाई. म्हंजे माल खराब हाय. आखाडाले जाऊ द्या वापस."

बघा आता. धुतात म्हणावं तर कायद्याचा गुन्हा, आणि तो गुन्हा या घरात होत नाही. होत नाही म्हणावं तर फ्रिज खराब, आणि फ्रिज खराब तर मुलगी खराब. ती वाचत होती फक्त खऱ्यानं, आणि खरं त्या घरात चालत नव्हतं. खोल्यांतून माझ्या वायरी फिरत होत्या, पण वाट एकच उरली होती. मला जे सगळ्यात चांगलं येतं तेच करायची.

"नानासाहेब," मी म्हणालो, "तुमच्याकडं ती कबरी गाय हाय ना? कोणाच्या हातानं दूध देते?"

"हिच्याच," त्यांनी बायकोकडे बोट केलं. "दुसरा गेला का लाथ."

"बस. या मशीनचं तेच हाय. आत ग्यास राह्यते. ज्या घरातून मशीन आली, त्या घरच्या मानसाच्या हाताची त्या ग्यासले सवय राह्यते. परका हात लागला का तो बिथरते. बिथरला का मशीनले घाम सुटते. पाणी तेच हाय. कोनी टाकलंच नाई. अन् घाम सुटला का फ्यूज उडते."

नानासाहेब गाईकडे बघावं तसं फ्रिजकडे बघू लागले.

"आता पाहा," मी रेटलं, "मी हात लावला का दुसऱ्या दिवशी उडते का नाई? दरखेपेले? माहा हात नाई चालत याले. तुमचा नाई चालत, बाईचाही नाई. फकत सूनबाईचा. तिनंच उघडायचं, तिनंच पुसायचं, तेही कोरड्या फडक्यानं. वरून पाणी लागलं तं ग्यास मरते. सूनबाई गेली, तं मशीनही गेली समजा."

खरं बोललो तेव्हा कायदा आडवा आला होता. खोटं बोललो तर दोघांनीही माना हलवल्या. नानासाहेबांचं समजू शकतो. पण मोठ्या बाईंना ते पाणी कोणत्या तांब्यातलं होतं ते चांगलं ठाऊक होतं. ज्या खोट्यात आपलंच म्हणणं शास्त्र होऊन परत येतं, ते कोणी मोडत नसतं.

"मी तं पयल्याच दिवशी म्हन्लं होतं," मोठ्या बाई म्हणाल्या, "याचा हात चालत नाई."

मग मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो आणि माझ्या आयुष्यातली पहिली दुरुस्ती हात न लावता केली. मेन स्विच बंद, पेचकस डावीकडे फिरवा, डबी सोडवा, कोरडं फडकं, टोकं एकमेकांना लागू देऊ नका. वत्सलाबाईंनी सगळं एका दमात केलं.   ओसरीवर जाऊन मी मेन स्विच चालू केला, आत वत्सलाबाईंनी बटण दाबलं. आतून घूं आवाज आला.

तो फ्रिज पुढं कधी बिघडला नाही. दुरुस्ती पक्की होती.

निघण्याआधी परसात अर्थिंगची वायर घट्ट करत बसलो होतो. ती वायर सरळ फ्रिजच्या अंगाला बांधलेली. विजेच्या हिशेबानं तांबं सगळं एकच असतं. वायर धरली म्हणजे फ्रिज धरला, फ्रिज धरला म्हणजे आतलं देवाचं दूध धरलं. मी वायर जरा जास्तच वेळ धरून बसलो. तेवढ्यात वत्सलाबाई खड्ड्यात घालायला बादली घेऊन आल्या. पाणी घालायचं मीच सांगितलं होतं.

"भाऊ, ते ग्यासचं खोटं होतं ना?"

"होतं."

"आता वापस नाई पाठवत मले."

"नाई पाठवत."

त्यांनी सगळी बादली सावकाश ओतली. माती पाणी पीत होती.

"पण मंग," त्या म्हणाल्या, "आखाडाले जाता येईन का?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी वायर सोडली, ओसरीवर गेलो आणि नानासाहेबांना म्हणालो, की महिनाभर मशीन बंद ठेवली तरी चालते, सूनबाई माहेरी जाऊन येईपर्यंत.

"अन् तिच्या आतलं दूध?" नानासाहेब म्हणाले. "दही? पावण्याइले बरफ? आजच सांगून बसलो मी दोघातिघाइले, का आखाडात आमच्याकडं बरफ भेटन. तूच म्हन्लं, दुसऱ्याचा हात चालत नाई. मंग दार कोण उघडन, तू?"

आणि हसले. मीही हसलो. गिऱ्हाईक हसलं की हसावं लागतं, हे धंद्याचं पहिलं कलम आहे.

त्या आखाडात वत्सलाबाई माहेरी गेल्या नाहीत.

माझ्या बाकीच्या थापा बसथांब्यापलीकडे गेल्या नाहीत, ही मात्र पाय फुटून चालायला लागली. नानासाहेबांनी ती लग्नामुंजीत सांगितली. पुढच्या चार-पाच वर्षांत त्या भागात आणखी फ्रिज आले, आणि प्रत्येक फ्रिजबरोबर माझा ग्यासही आला. पूर्वी मला अडवायचं तर लोकांना थोडं तरी वाईट वाटायचं, कोणी खाली बघायचं, कोणी कायदा आठवून घसा खाकरायचं. आता वाईट वाटायचं कारण उरलं नाही. शास्त्रच तसं होतं.

सत्तरचं दशक संपता संपता मेहकरच्या रस्त्यावरच्या एका गावातून बोलावणं आलं. घर माझ्या ओळखीचं नव्हतं. दारात तिशीतली बाई उभी. मी चप्पल काढून आत पाऊल टाकणार, तोच तिनं हात आडवा केला.

"वायरमन, तथूनच सांगा. मी करतो. या मशीनले परका हात चालत नाई."

"असं कोणं सांगतलं बाई?"

"आमच्या माहेरी हाय ना असाच. रिठदच्या पलीकडं. माह्या वयनीच्या बापानं देल्ला होता. तवापासून माईत हाय आमाले."

मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. पिशवी खाली ठेवली.

"वयनी कशी हाय तुमची?" मी विचारलं.

"बरी हाय."

"माहेरी जाते का, अकोल्याले?"

"तिले कोठी जाता येते?" ती म्हणाली. "फ्रिज हाय ना घरी."

 मग सांगायला सुरुवात केली. आधी मेन स्विच बंद करा. मग मागं जा. खाली एक काळं मडकं दिसेल.